शिडी कोणी धरली? कॅथलिक नीतिशास्त्रातले काही शब्द, आपल्या कामाच्या जागेवरून

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

कासारवाडीतून बोलतोय. मध्येच लोणावळा लोकल गेली तर आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचं नाव सांगणार नाही, कंपनीचंही नाही. मुलगा भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आहे, क्वालिटीला, ठेकेदारामार्फत. मूळचा श्रीरामपूरकडचा, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला न चुकता जाणारा. तो म्हणतो, "दादा, महिनाअखेर आली की सुपरवायझर सांगतो, सगळे पीस मोजत बसू नको. मागच्या लॉटची रीडिंग थोडी इकडेतिकडे करून भर आणि सही ठोक. मी ठोकतो. हे पाप आहे का? आणि असेल तर नोकरी सोडू का? घरी हप्ता चालू आहे."

याला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. "हो, पाप आहे" किंवा "जाऊ दे रे, सगळेच करतात." दोन्ही उत्तरं आळशी आहेत. कॅथलिक चर्चमध्ये मॉरल थिऑलॉजी, म्हणजे नीतिशास्त्र, शेकडो वर्षं शिकवलं जातं. आपल्या पुण्यातही नगर रस्त्यावरच्या पेपल सेमिनरीत फादर होऊ घातलेली मुलं ते शिकतात. ही सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. या शास्त्रातले शब्द ऐकायला जड आहेत, पण ते अशाच प्रश्नांसाठी घडवले गेले. तुम्ही कॅथलिक नसाल तरी ऐका. सही सगळ्यांनाच करावी लागते.

कृती, हेतू, परिस्थिती

पहिला शब्द नाही, त्रिकूट आहे. कुठल्याही वागण्याकडे तीन बाजूंनी बघायचं. मी नेमकं काय केलं, ही कृती. कशासाठी केलं, हा हेतू. आणि कधी, कुठे, कोणाच्या बाबतीत, परिणाम काय, ही परिस्थिती. वागणं चांगलं ठरायला तिन्ही बाजू ठीक लागतात. एक बिघडली की सगळं बिघडतं. दूध चांगलं, साखर चांगली, पण भांडं रॉकेलचं असेल तर चहा पिता येत नाही.

इथे लोक दोन टोकांना घसरतात. एक टोक म्हणतं, हेतू चांगला होता ना, मग झालं. चर्च म्हणतं, नाही झालं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ मध्ये ‘व्हेरितातिस स्प्लेंदोर’ नावाचं मोठं पत्र या विषयावर लिहिलं. त्यातला एक मुख्य मुद्दा हाच, की काही कृती मुळातच वाईट असतात, कितीही चांगला हेतू चिकटवला तरी त्या सुधारत नाहीत. दुसरं टोक फक्त बाहेरची कृती बघतं आणि माणसाला धोपटतं. ते का, हे पुढे येईल.

परिणाम एक, कृती दोन

कृती आणि परिणाम यांत गल्लत होऊ नये म्हणून महाराष्ट्रातलं एक उदाहरण घेऊ. अरुणा शानबाग. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्या तिथेच पडून होत्या. त्यांना भरवणं, स्वच्छ ठेवणं हे सगळं केईएमच्या परिचारिकांनी केलं, पिढी बदलली तरी केलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की हे भरवणं थांबवावं. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयानं तो फेटाळला. केईएमच्या लोकांना अरुणाताई जगायला हव्या होत्या, हे न्यायालयानं मानलं. पण त्याच निकालात, काही अटींवर उपचार काढून घेण्याचा रस्ता कायद्यात उघडला. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं गेल्या.

इथे चर्चचे शब्द आहेत साधारण उपाय आणि असाधारण उपाय. मरणाच्या दारातल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ताणत ठेवणं फार जड, फार वेदनेचं आणि निष्फळ झालं असेल, तर ते थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे. तो असाधारण उपाय होता, मरण येत होतं, आपण अडवणं सोडलं. पण खाणं-पिणं देणं ही साधारण काळजी. दुसऱ्या जॉन पॉल यांनी २००४ मध्ये सांगितलं, की बेशुद्धावस्थेत वर्षानुवर्षं पडलेल्या माणसाला नळीनं दिलेलं अन्नपाणीही तत्त्वतः याच खात्यात मोडतं.

याचंच भावंड म्हणजे दुहेरी परिणामाचं तत्त्व. याचं मूळ तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांच्या स्वसंरक्षणावरच्या विवेचनात सापडतं. कॅन्सरच्या शेवटच्या रुग्णाला वेदना थांबवायला मॉर्फीन देतात. त्यानं आयुष्य कदाचित थोडं कमी होईल अशी शक्यता डॉक्टर धरतो, पण त्याला ते नको असतं, आणि वेदना थांबवण्याचं साधन मरण हे नसतं. हे चालतं. मारण्यासाठीच इंजेक्शन देणं चालत नाही. शेवट दोन्हीकडे एकच, पण हातानं केलेलं काम वेगळं. तुम्हाला हे पटलं नाही तरी हरकत नाही. फरक कुठे केलाय तेवढा लक्षात ठेवा, कारण आता भोसरीला परत जायचंय.

आपल्या मुलाची कृती काय? तो म्हणेल, "मी डिस्पॅच अडू दिला नाही." हा परिणाम झाला. कृती अशी, की जे मोजलं नाही ते मोजलं म्हणून लिहिलं. म्हणजे खोटं लिहिलं. हेतू घर चालवण्याचा, तो चांगला. तरी कृती खोटीच राहते.

चूक किती आणि दोष किती

आता थांबा, इथे मुलाला धोपटायचं नाही. कॅथलिक शिकवणीत घातक पाप आणि हलकं पाप असा भेद आहे. घातक पाप म्हणजे देवाशी असलेलं नातंच तोडणारं. ते ठरायला तीन गोष्टी एकदम लागतात. बाब गंभीर हवी. ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक हवं. आणि मोकळ्या मनानं, ठरवून केलेली हवी. तीनपैकी एक नसेल तर घातक म्हणता येत नाही.

बाब गंभीर आहे का, हे त्या पीसवर ठरेल. डस्टबिनच्या झाकणाचा लॉट असेल तर एक गोष्ट, ब्रेकमधला पार्ट असेल तर दुसरी. ब्रेकचा पार्ट उद्या कोणाच्या तरी स्कूटरला बसणार आहे आणि मागे पोर बसलेलं असणार आहे. मोकळं मन आहे का? ठेकेदारानं उद्यापासून येऊ नको म्हटलं तर काय, ही भीती आहे. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, स्पष्ट आहे की अज्ञान, भीती, जबरदस्ती, सवय यांनी माणसाचा दोष कमी होतो, कधी पुसलाही जातो.

म्हणजे "हे चुकीचं आहे" आणि "तू दोषी आहेस" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं बाहेरून सांगता येतं. दुसरं बाहेरून कोणालाच पूर्ण सांगता येत नाही. शेजाऱ्याला पापी ठरवण्याआधी आपण बहुतेक वेळा एवढाही विचार करत नाही.

विवेक आणि झोपेचं सोंग

पुढचा शब्द सदसद्विवेकबुद्धी. आपण म्हणतो ना, "माझं मन मला खातंय." पण या शास्त्रात विवेक म्हणजे मनाला काय वाटतं ते नव्हे. समोरची ही गोष्ट, आत्ता, मी करावी की नाही, याचा बुद्धीनं केलेला निवाडा. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ‘गॉदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात विवेकाला माणसाचा सगळ्यात आतला गाभारा मानलं, जिथे तो देवापुढे एकटा असतो. खात्रीनं जे पटलं त्याविरुद्ध वागू नये. पण सोबत दुसरी जबाबदारी येते, हा विवेक घडवायचीही. मायक्रोमीटर कॅलिब्रेट केलेला नसेल तर रीडिंग मनापासून घेतलं तरी चुकतं.

चुकीचं रीडिंग आलं तर दोष कोणाचा? इथे अज्ञानाचे प्रकार येतात. एक, जे दूर करणं त्या माणसाच्या हातातच नव्हतं. त्याचा दोष लागत नाही. दुसरं, विचारलं असतं तर कळलं असतं, पण आळस केला. त्याचा दोष लागतो. आणि तिसरं सगळ्यात वाईट, मुद्दाम पांघरलेलं. "हा पार्ट कुठे बसतो ते मला सांगूच नका, म्हणजे मला माहीत नव्हतं म्हणता येईल." आपल्याकडे म्हणतात, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. तेच हे. या अज्ञानानं दोष कमी होत नाही.

आपल्या मुलानं प्रश्न विचारला, म्हणजे तो सोंग घेत नाहीये. हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवा.

शिडी धरणारा नोकर

आता मला सगळ्यात कामाचा वाटणारा शब्द, सहभाग. दुसऱ्याच्या वाईट कामात माझा हात किती?

१६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांच्या काळात रोमनं ६५ विधानं चुकीची ठरवली. त्यातलं एक विधान एका नोकराबद्दल होतं. मालकाला वाईट उद्देशानं एका मुलीच्या घरात खिडकीतून शिरायचंय. नोकराला ते माहीत आहे. तो खांदा देतो, शिडी आणतो, दार उघडतो. काही पंडित म्हणत होते, की हे तो मालकाच्या भीतीनं करत असेल, मालक छळेल, वाकड्या नजरेनं बघेल, घरातून काढून टाकेल म्हणून, तर त्याचं पाप घातक नाही. रोमनं सांगितलं, हे म्हणणं मान्य नाही.

साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण "घरातून काढेल" च्या जागी "गेटपास काढून घेईल" म्हणा आणि बघा. पुढच्या शतकात नेपल्सचे आल्फोन्स लिगोरी यांनीही सहभागाच्या अशा प्रश्नांवर पुष्कळ खल केला. ते आधी वकील होते, मग धर्मगुरू झाले. चर्च त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांचे आश्रयदाते संत मानतं.

या सगळ्या खलातून जे भेद पक्के झाले ते असे. वाईट काम मलाही हवंच आहे, तर तो मनापासूनचा सहभाग. तो कधीच चालत नाही. मला ते नकोय, पण माझ्या कामाचा त्याला उपयोग होतो, तर तो नुसता कामापुरता सहभाग. तो चालेल की नाही हे तोलावं लागतं. मी घटनेच्या किती जवळ आहे? माझ्यावाचून ते अडलं असतं का? नुकसान किती मोठं? आणि माझं कारण तेवढं वजनदार आहे का?

कारखान्यात लावून बघा. खोट्या रिपोर्टचा माल पॅक करणारी बाई, तो टेम्पोत भरणारा, चाकणला नेणारा ड्रायव्हर. यांचा सहभाग कामापुरता आणि बराच लांबचा. बहुतेकांना तर पत्ताही नसतो. पण रिपोर्टवर सही करणारा? तो सुपरवायझरच्या कामात मदत करत नाहीये. खोटं विधान त्याचं स्वतःचं आहे, सही त्याची आहे. शिडी सुपरवायझरनं धरली, खिडकीतून आत गेला तो आपला मुलगा. हे त्याला सांगायला मला जड गेलं, पण सांगितलं.

तळवड्याची मेणबत्ती

आता जरा मागे सरकून मोठं चित्र बघू. ८ डिसेंबर २०२३. इथून दुचाकीवर फार लांब नाही त्या तळवड्यात एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात ना, भुईनळ्यासारखी ठिणग्या उडवणारी मेणबत्ती, ती तिथे बनत होती. जीव गेलेल्यांमध्ये बहुतेक कामगार बायका होत्या. अशा कामाला लागणारी परवानगी तिथे नव्हती, असं त्या वेळी प्रशासनानं सांगितलं. कायदेशीर दोष कोणाचा हे न्यायालयाचं काम. आपण आपलं बघू.

ती मेणबत्ती आपण सगळ्यांनी पेटवली आहे, रीलही काढली आहे. मग आपण त्या मरणात सहभागी आहोत का? या शास्त्राचं उत्तर शांत आहे. तुमचा सहभाग कामापुरता आणि खूप लांबचा, त्यासाठी रात्रीची झोप घालवायची गरज नाही. पण लांबचा म्हणजे शून्य नव्हे. एकदा कळल्यावर "इतकी स्वस्त कशी?" एवढा प्रश्न विचारणं आपल्या आवाक्यात येतं.

दुसऱ्या जॉन पॉल यांच्या १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या पत्रात एक शब्द आहे, अप्रत्यक्ष मालक. तुम्हाला पगार देतो तो प्रत्यक्ष मालक, आपल्याकडे बहुधा ठेकेदार. पण त्याला भाव ठरवून देणारी मोठी कंपनी, नियम करणारं आणि ते पाळले जातात का बघणारं सरकार, हे सगळे मिळून तुमच्या कामाच्या अटी घडवतात. हे अप्रत्यक्ष मालक, आणि जबाबदारी त्यांच्याकडेही जाते. "तो आमच्या रोलवर नाही" एवढं म्हणून सुटता येत नाही. त्यांच्याच १९८७ च्या ‘सोलिचितुदो रेई सोचियालिस’ मध्ये पुढचा शब्द आहे, पापाच्या रचना. पुष्कळांच्या लहान लहान चुका साचून अशी व्यवस्था तयार होते, की तिच्यात शिरलेल्या नव्या माणसाला सरळ वागणं महाग पडतं. महिनाअखेरचं टार्गेट, कमी माणसं, माल परत आला की दंड, आणि मग कोवळ्या पोराच्या हातात पेन. पण त्या पत्रात हेही आहे, की रचना आकाशातून पडत नाहीत, त्यांच्या मुळाशी माणसांचे निर्णय असतात. म्हणून "सिस्टिमच अशी आहे" हे कारण खरं असतं, पण पूर्ण नसतं.

स्कँडल आणि भरपाई

दोन शब्द झटपट. आपण स्कँडल म्हणजे टीव्हीवर गाजलेली भानगड समजतो. इथे अर्थ वेगळा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सापळा, वाटेतला अडथळा. माझ्या वागण्यानं दुसरा वाईटाकडे ओढला गेला तर ते स्कँडल, मग पेपरात एक ओळ येवो न येवो. हुद्दा मोठा तेवढं ते गंभीर. नव्या पोराला पहिल्याच महिन्यात खोटी रीडिंग भरायला शिकवणारा सुपरवायझर याच शब्दात बसतो. आणि उद्या आपला मुलगा सीनियर होऊन पुढच्या ट्रेनीला तेच शिकवेल, तेव्हा तोही.

दुसरा, भरपाई. फादरांपुढे पापनिवेदन केलं, क्षमा मिळाली, विषय संपला असं नाही. चोरलं असेल तर परत करायचं, कोणाचं नाव बिघडवलं असेल तर ते जमेल तेवढं सावरायचं. चुकीचा माल निघाला असेल, त्यानं धोका असेल आणि अजून थांबवता येत असेल, तर थांबवायचा प्रयत्न करायचा.

मग काय करायचं?

शेवटी मुलाला मी काय म्हटलं ते सांगतो. मी फादर नाही, मित्र म्हणून बोललो.

या शास्त्रात एक जुना भेद आहे. "करू नकोस" अशा आज्ञा कायम लागू असतात, कारण न करणं नेहमीच शक्य असतं. "कर" अशा आज्ञा झेपेल तशा, वेळ-परिस्थिती बघून पाळायच्या असतात. म्हणजे उद्या उठून मोठ्या साहेबांना मेल टाक, पत्रकाराला फोन कर, नोकरीवर लाथ मार, असं धर्म तुला सरसकट सांगत नाही. पण न मोजलेलं मोजलं म्हणून स्वतःच्या हातानं लिहू नकोस, एवढं सांगतो. जितके पीस झेपतात तितके मोज आणि तितकेच लिही. उरलेल्यांपुढे "मोजले नाहीत" लिही. सुपरवायझरला त्यावर सही करायची तर तो करेल, मग ती त्याची. पार्ट ब्रेकचा, स्टिअरिंगचा असेल, कोणाच्या जिवाशी गाठ असेल, तर मात्र "कर" चं वजनही वाढतं, वर कोणाला तरी सांगावंच लागेल. आणि दुसरी नोकरी आजपासूनच शोधायला लाग. हप्ता खरा आहे, आई-बाप खरे आहेत, त्यांना सांभाळणं हीसुद्धा आज्ञाच आहे.

त्यानं विचारलं, "आणि काढून टाकलं तर?" मी म्हटलं, काढू शकतात. ते होणार नाही असं मी सांगू शकत नाही. पण मग ओळखीत कुठे जागा आहे का ते सगळे मिळून बघू. ऐकणाऱ्यांपैकी कोणी क्वालिटीत असेल, जिथे खरं रीडिंग लिहिता येतं अशी जागा माहीत असेल, तर मेसेज करा. मी त्याच्यापर्यंत पोचवतो.

सुपरवायझर असाल तर महिनाअखेरीच्या आधी हा भाग पुन्हा एकदा ऐका.

पुढच्या भागात याच वहीतले दोन शब्द घेऊ. एखाद्याबद्दल खोटं पसरवणं आणि एखाद्याबद्दलचं खरं, पण सांगायची गरज नसलेलं पसरवणं. चर्च या दोन्हींना वेगवेगळी नावं देतं आणि दोन्हींना चूक म्हणतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असाल तर कामाला येईल. तोवर सांभाळून राहा, शिफ्टवरून घरी नीट पोचा. नमस्कार.